वंशाचें शास्त्र आणि विद्यापीठें

अमेरिकेंत दर दहा वर्षांनीं खानेसुमारी होते आणि तिच्या कागदावर प्रत्येकाच्या नांवापुढें त्याचा वंश लिहावा लागतो. १९२०, १९३० आणि १९४० या तीन सालच्या कागदांवर हिंदुस्थानांतून तिकडे गेलेल्या लोकांसाठीं 'हिंदू' या नांवाचा एक वंश होता. कॅलिफोर्नियांत शेतीवर राबणारे यांतील बहुतेक लोक पंजाबचे शीख होते, कांहीं मुसलमान होते. वंशाच्या रकान्यांत मात्र ते सारे हिंदू. १९७० सालीं त्याच लोकांची व त्यांच्या मुलाबाळांची गणना गोऱ्यांत झाली. १९८० पासून त्यांना 'एशियन इंडियन' असा निराळा रकाना मिळाला. म्हणजे तरुणपणीं तेथें गेलेला एखादा गृहस्थ म्हातारा होईपर्यंत एकाच गांवीं राहिला असला, तर तो एका आयुष्यांत निदान तीन वंशांचा झाला. त्याच्या नाकांत, कातडींत, केसांत वयानें पडतो तेवढाच फरक पडला होता. बाकीचा फरक कागदांत पडला.

मनुष्य एकच राहतो आणि त्याचा वंश बदलतो, हें कसें घडतें, कोण घडवितो, आणि त्यापासून कोणाचा लाभ व कोणाची हानि होते, हा आज अनेक विद्यापीठांतून स्वतंत्रपणें शिकविला जाणारा विषय आहे. परदेशीं शिकावयास निघालेल्या मुलामुलींना अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत 'रेस अँड एथ्निसिटी' असें त्याचें नांव आढळतें. आणि घरांतील वडील मंडळींना साहजिकच शंका येते कीं, काळे कोण व गोरे कोण हें समजून घेण्यासाठीं एवढी फी कशाला भरावयाची? शंका अगदींच वावगी नाहीं. शंभर वर्षांपूर्वीं बहुतेक विद्यापीठांनाहि असेंच वाटत होतें कीं, वंश ही डोळ्यांना दिसणारी वस्तु आहे आणि शास्त्रज्ञाचें काम ती बिनचूक मोजण्यापुरतेंच आहे. हा समज विद्यापीठांच्या आश्रयानें कसा वाढला आणि विद्यापीठांतच कसा मोडला, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे. तींत मराठी माणसांचा हातहि लहान नाहीं.

आरंभींच शब्दांची अडचण येते. मराठींत वंश म्हणजे कुळाची परंपरा. रघुवंश म्हणजे रघूचें कुळ. त्यांत रघूच्या शेजाऱ्याचा समावेश होत नाहीं. इंग्रजींतील 'रेस' हा शब्द मात्र, ज्यांचें एकमेकांशीं कसलेंहि नातें दाखवितां येत नाहीं अशा कोट्यवधि माणसांना केवळ रंगरूपावरून एका दावणीला बांधतो. 'जात' हा शब्द तर आपण आंब्याला, घोड्याला आणि माणसाला सारख्याच सढळपणें लावतों. 'एथ्निसिटी'ला सुटसुटीत मराठी शब्द अजून रुळलेला नाहीं. आपण एका मुळाचे, एका भाषेचे, एका रीतीभातीचे आहों अशी जी एखाद्या समूहाची स्वतःविषयीं समजूत असते, आणि इतरांचीहि त्याच्याविषयीं असते, तिला तें नांव आहे. अँथ्रॉपॉलॉजीला मराठींत बरींच वर्षें मानववंशशास्त्र म्हणत आले आहेत. मूळ ग्रीक शब्दांत मानव आहे, शास्त्र आहे, वंशाचा मागमूस नाहीं. तो मराठींत आला तो त्या काळीं या शास्त्राचें जें मुख्य काम समजलें जाई त्यावरून.

तें काम म्हणजे मोजणी. हिंदुस्थानांत या मोजणीचा मोठा पुरस्कर्ता हर्बर्ट रिस्ले हा सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकारी होय. १८९१ सालीं त्यानें बंगालमधील जातिजमातींवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. १९०१ च्या खानेसुमारीचा तो प्रमुख होता. त्याचें आवडतें माप म्हणजे नाक. पद्धति अशी : नाकाच्या मुळापासून खालच्या टोंकापर्यंतची उंची घ्यावयाची, नाकपुड्यांपाशीं रुंदी घ्यावयाची, रुंदीला १०० नें गुणून उंचीनें भागावयाचें. उत्तर ७० च्या आंत आलें तर नाक बारीक, ७० पासून ८५ पर्यंत मध्यम, त्याच्या वर रुंद. उंची ५० मिलिमीटर आणि रुंदी ३५ असली तर भागाकार बरोबर ७० येतो आणि नाक मध्यम ठरतें. रुंदी ३४ भरली तर ६८ येतो आणि नाक बारीक ठरतें. मोजणाराच्या हातांतील हत्यार एका मिलिमीटरानें सरकलें कीं माणसाचा वर्ग बदलला!

या भागाकारांची जातवार सरासरी काढून रिस्ले अशा निर्णयास आला कीं, जातीचा समाजांतील दर्जा नाकाच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणांत असतो. नाक जितकें बारीक तितकी जात वरची. साऱ्या हिंदुस्थानचे त्यानें सात नमुने पाडले. महाराष्ट्रांतील ब्राह्मण, कुणबी आणि कूर्गचे लोक यांची डोकीं रुंद निघालीं व तीं त्याच्या आर्य किंवा द्राविड या कोणत्याच सांच्यांत बसेनात. तेव्हां प्राचीन काळीं आलेल्या शकांचें रक्त त्यांत असावें असें ठरवून त्यानें या मंडळींना 'शक-द्राविड' म्हटलें. शक पुढें गेले कोठें ही इतिहासाची जुनी पंचाईत होती. ती अशी परस्पर सुटली.

हें सारें ग्रंथांतच राहिलें असतें तर फारसें बिघडलें नसतें. परंतु १९०१ च्या खानेसुमारींत जाती दर्जाच्या क्रमानें लावण्याचा उपक्रम झाला, आणि ठिकठिकाणच्या जातिसभांनीं आपला क्रमांक वर लावून मिळावा म्हणून सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. माप घेणारा निघून गेला; ज्यांचीं मापें घेतलीं त्यांच्या मनांत तीं राहिलीं.

मोजणीला उत्तर मोजणीनेंच दिलें पाहिजे, हें ज्यांनीं लवकर ओळखलें त्यांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील फ्रांझ बोआस यांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. ते १८५८ सालीं जर्मनींत जन्मलेले ज्यू. डॉक्टरेट त्यांनीं पदार्थविज्ञानांत, पाण्याच्या रंगावर प्रबंध लिहून मिळविली होती. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत दक्षिण व पूर्व युरोपांतून लोकांची रीघ लागली होती, आणि हे हलक्या वंशाचे लोक आपलें राष्ट्र बुडवतील अशी तेथील प्रतिष्ठितांना धास्ती पडली होती. सरकारनें नेमलेल्या आयोगासाठीं १९०८ पासून बोआस यांनीं न्यूयॉर्कमधील सुमारें १८,००० स्थलांतरितांचीं व त्यांच्या मुलांचीं मापें घेतलीं. डोक्याचा आकार हें त्या काळीं वंशाचें अगदीं पक्कें लक्षण मानलें जाई. बोआस यांना आढळलें कीं, पूर्व युरोपांतील ज्यूंचीं डोकीं गोल, पण त्यांच्या अमेरिकेंत जन्मलेल्या मुलांचीं थोडीं लांबट. सिसिलींतील लोकांचीं लांबट, पण त्यांच्या अमेरिकेंतील मुलांचीं थोडीं गोल. एका पिढींत, आईबाप तेच असतांना, तथाकथित पक्कें लक्षण हललें होतें. आयोगानें हा निष्कर्ष ऐकला आणि बाजूला ठेवला. १९२४ च्या कायद्यानें त्या लोकांना अमेरिकेचीं दारें जवळजवळ बंद झालीं.

बोआस यांच्या एका गोष्टीचें विशेष कौतुक केलें पाहिजे. त्यांनीं आपले सर्व मूळ आंकडे १९२८ सालीं छापून ठेवले. त्यामुळें २००२ आणि २००३ सालीं दोन तुकड्यांना त्यांचें गणित नव्या रीतीनें पुन्हां करून पाहतां आलें. एकीचें म्हणणें पडलें कीं बदल फार लहान होता. दुसरीचें म्हणणें कीं लहान असला तरी तो खरा होता आणि बोआस मुख्य गोष्टींत बरोबर होते. वाद करावयाचा तो असा करावा.

याच कोलंबिया विद्यापीठांत ९ मे १९१६ रोजीं बोआस यांचे शिष्य गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गापुढें एका हिंदी विद्यार्थ्यानें जातींच्या उगमावर निबंध वाचला. तो विद्यार्थी भीमराव आंबेडकर. समोर युरोपीय पंडितांचीं मतें होतीं, डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं १९०९ मध्यें अमेरिकेंतच प्रसिद्ध केलेला जातींच्या इतिहासावरील ग्रंथहि होता. आंबेडकरांनीं रंगावर आणि वंशावर भर देणाऱ्यांची वाट सोडून दिली. जातीचें सार, त्यांच्या मतें, आपल्या समूहाबाहेर लग्न न करण्याच्या बंधनांत आहे. आणि सती, सक्तीचें वैधव्य, बालविवाह या चाली त्या बंधनाच्या रक्षणासाठीं निघाल्या. म्हणजे जात ही निसर्गानें घडविलेली वस्तु नसून माणसांनीं विशिष्ट रीतीनें लग्नें लावून राखलेली व्यवस्था आहे. हा निबंध पुढील वर्षीं 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. निबंध वाचला त्या वेळीं लेखकाचें वय पंचवीस होतें.

वंशशास्त्राच्या शब्दांवर माणसाचें नशीब कसें टांगलेलें असे, याचा दाखला लौकरच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत मिळाला. तेथील कायद्याप्रमाणें नागरिकत्व 'गोऱ्या' माणसास मिळे. आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठीं मागाहून सोय झाली होती. बाकीच्यांस दार बंद. १९२२ सालीं ओझावा या जपानी गृहस्थाचा अर्ज न्यायालयानें फेटाळला. कारण गोरा म्हणजे कॉकेशियन, आणि जपानी कॉकेशियन नव्हेत. हें वाचून भगतसिंग थिंड यांना आशा वाटली. ते पंजाबचे शीख, पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यांत काम केलेले. शास्त्रज्ञ तर उत्तर हिंदुस्थानच्या लोकांना कॉकेशियन म्हणत होते! त्यांच्या बाजूनें असाहि युक्तिवाद झाला कीं, उच्च जातीचा हिंदू आपल्या रक्ताची शुद्धता अमेरिकन गोऱ्याइतकीच जपतो. तीन महिन्यांपूर्वीं शास्त्राचा शब्द प्रमाण मानणाऱ्या त्याच न्यायालयानें फेब्रुवारी १९२३ मध्यें सांगितलें कीं, शास्त्र कांहींहि म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. थिंड हरले, आणि पूर्वीं मिळालेलें नागरिकत्वहि अनेक हिंदी लोकांच्या हातून गेलें. हा मार्ग १९४६ च्या कायद्यानें पुन्हां मोकळा झाला. दुसऱ्याच्या वंशाभिमानाच्या दारांतून आपल्या जात्यभिमानाची चिठ्ठी दाखवून आंत शिरण्याचा हा प्रयत्न होता, आणि त्याबद्दल थिंड यांची कींव करावी कीं त्यांना दोष द्यावा याचा निर्णय करणें सोपें नाहीं.

मुंबईस विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ सालीं सुरू झाला आणि १९२४ पासून तो मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हातीं आला. घुर्ये केंब्रिजला प्रथम रिव्हर्स यांच्या हाताखालीं व १९२२ सालीं ते वारल्यानंतर हॅडन यांच्या हाताखालीं शिकले होते. १९३२ सालच्या जात व वंश यांवरील आपल्या ग्रंथांत त्यांनीं रिस्ले आणि इतरांचीं मापें घेऊन प्रांताप्रांतानें तपासलीं. संयुक्त प्रांतांत वरच्या जातीचीं नाकें बारीक असतात हें म्हणणें त्यांना बऱ्याच अंशीं मान्य झालें, आणि तेवढ्यापुरतें त्यांनीं रिस्लेचें बोट सोडलें नाहीं. परंतु प्रांत ओलांडला कीं हिशेब विसकटतो. संयुक्त प्रांतांतील ब्राह्मण मापांनीं तेथील इतर जातींपेक्षां पंजाबांतील अस्पृश्य चुहड्याला अधिक जवळचा निघाला. महाराष्ट्राची गंमत त्याहून मोठी. देशस्थ ब्राह्मण चित्पावनापेक्षां सोनकोळ्याला जवळचा. त्याच्यामागून महार आणि कुणबी. शेणवी, नागर आणि उच्चकुलीन मराठे त्यानंतर. ज्या घरांत सोनकोळ्याची टोपली ओटीवर टेकूं देत नसत, त्या घरच्या यजमानाचें नाक सोनकोळ्याशीं नातें सांगत होतें.

हेच आंकडे हातीं घेऊन डॉ. आंबेडकरांनीं अस्पृश्यांवरील आपल्या १९४८ च्या ग्रंथांत पुढचें पाऊल टाकलें. मोजणीच्या शास्त्रावर विश्वास ठेवावयाचा असेल, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, असें त्यांनीं दाखवून दिलें. अस्पृश्यतेचें मूळ वंशांत शोधण्याचा मार्ग त्यांनीं बंद केला.

घुर्यांच्याच एका विद्यार्थिनीवर याहून कठीण प्रसंग आला. इरावती कर्वे १९०५ सालीं ब्रह्मदेशांत जन्मल्या, पुण्यांत वाढल्या. चित्पावनांवर प्रबंध लिहून त्यांनीं मुंबईची एम्. ए. पदवी घेतली आणि १९२८ सालीं त्या जर्मनीस निघाल्या. पति दिनकरराव स्वतः जर्मनींत रसायनशास्त्र शिकून आलेले, त्यांचा पाठिंबा होता. स्त्रीशिक्षणासाठीं आयुष्य वेंचलेल्या सासऱ्यांना, महर्षि धोंडो केशव कर्वे यांना, सुनेचा हा बेत पसंत नव्हता. मोठ्या माणसांच्या घरांतहि असें होतें. बर्लिनच्या डाहलेम भागांत १९२७ सालीं कैसर विल्हेल्म संस्थेची मानवशास्त्र, आनुवंश व सुप्रजनन यांची नवी शाखा उघडली होती. तिचे प्रमुख ऑयगेन फिशर. नैर्ऋत्य आफ्रिकेच्या जर्मन वसाहतींतील मिश्र संततीवर १९१३ सालीं ग्रंथ लिहून ते प्रसिद्धीस आले होते, आणि गोऱ्या रक्तांत दुसरें रक्त मिसळलें कीं हानिच होते असें त्यांचें ठाम मत होतें.

इरावतीबाईंना विषय मिळाला तो मानवी कवटीच्या विषमतेचा. कोणत्याहि माणसाची कवटी डाव्या-उजव्या बाजूंनीं अगदीं सारखी नसते. फिशर यांची कल्पना अशी कीं, गोऱ्या युरोपियनांच्या कवटींत ही विषमता अधिक असावी. कारण त्यांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असून त्यांतच त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचें रहस्य आहे. संस्थेच्या संग्रहांत युरोपांतील कवट्या होत्या, तशाच वसाहतींतून जमविलेल्याहि होत्या. कोणाच्या होत्या त्या? लढाईंत पडलेल्यांच्या, थडगीं उकरून काढलेल्यांच्या. त्यांच्या आप्तांना कोणी विचारलें नव्हतें. परक्या देशांतील, परक्या भाषेंत लिहिणारी, तेविसाव्या-चोविसाव्या वर्षांतील मराठी मुलगी रोज त्या कवट्या हातीं घेऊन दोन्ही बाजू मोजीत बसली. १४९ कवट्या मोजून झाल्या. विषमता सर्वांत आढळली. पण तिचा वंशाशीं संबंध आढळला नाहीं.

आतां लिहावयाचें काय? मार्गदर्शक तेच, परीक्षक तेच. पदवी त्यांच्या हातांत. आंकडे थोडे इकडेतिकडे सरकविले असते, किंवा निष्कर्ष गुळमुळीत शब्दांत गुंडाळला असता, तर कोणाला कळलें नसतें. इरावतीबाईंनीं जें आढळलें तें लिहिलें. १९३० सालीं पदवी घेऊन त्या परत आल्या; प्रबंध पुढील वर्षीं छापला गेला.

१९३३ सालीं हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरु झाले. पहिल्या महायुद्धानंतर ऱ्हाईन नदीच्या कांठीं राहिलेल्या फ्रेंच सैन्यांतील आफ्रिकी शिपायांपासून जर्मन स्त्रियांना झालेल्या शेंकडों मुलांना १९३७ सालीं गुप्तपणें संततिहीन करण्यांत आलें. त्या मुलांना तपासून वंशाचे दाखले देण्यांत या संस्थेचे शास्त्रज्ञ होते. १९४२ पासून संस्थेचे प्रमुख झालेले फेरशूअर यांना त्यांचा जुना साहाय्यक मेंगेले आउश्विट्झच्या छावणींतून रक्ताचे नमुने आणि मारलेल्या माणसांचे अवयव पाठवीत असे. मोजणीच्या टेबलापासून तेथपर्यंतचें अंतर एका इमारतींतल्या एका जिन्याएवढें होतें.

म्हणून मोजणीच टाकून द्यावी काय? इरावतीबाईंनीं टाकली नाहीं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत १९३९ पासून काम करीत असतां त्यांनीं महाराष्ट्रभर माणसें मोजलीं, आणि १९५१ सालीं अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासह तीं मापें प्रसिद्ध केलीं. त्यांचा प्रश्न मात्र निराळा होता : ब्राह्मण किंवा कुंभार हें एक नांव लावणारे निरनिराळे समूह खरोखर एका मुळाचे आहेत काय? बहुधा नाहींत, एका नांवाखालीं अनेक मुळांचे समूह शेजारीं शेजारीं राहिले आहेत, असें त्यांचें उत्तर आलें. तरीहि इतकीं वर्षें कंपास हातांत धरणें त्यांनीं थोडें आधीं सोडलें असतें तर बरें झालें असतें, असें म्हणणारे अभ्यासक आहेत आणि त्यांचें म्हणणें अगदीं टाकाऊ नाहीं.

'रेस' या शब्दाऐवजीं 'एथ्निक ग्रूप' म्हणावें, ही सूचना १९३५ सालीं ज्युलियन हक्स्ली यांच्यासह ज्यांनीं केली ते घुर्यांचे गुरु हॅडन होत. युद्ध संपल्यावर युनेस्कोनें १९५० सालीं वंशाविषयींचें पहिलें निवेदन काढलें. तें तयार करणाऱ्या समितींत भारताचे हुमायून कबीर होते. कांहीं जीवशास्त्रज्ञांना तें भाबडें वाटलें आणि १९५१ मध्यें दुसरें काढावें लागलें. खरा निकाल लागला तो रक्ताच्या तपासणीनें. १९७२ सालीं रिचर्ड ल्युआँटिन यांनीं रक्तगट व रक्तांतील प्रथिनें यांवरून हिशेब केला, तेव्हां माणसामाणसांतील एकूण भेदांपैकीं सुमारें ८५ टक्के भेद एकाच लोकसमूहाच्या आंत निघाले; ज्यांना वंश म्हणतात त्यांच्या-त्यांच्यांतील भेद अवघा सहा टक्क्यांच्या आसपास. माणसांत आनुवंशिक फरक नाहींत असा याचा अर्थ नव्हे. ते फरक रंगाच्या रेषांवर पडत नाहींत. सिकलसेल या रक्ताच्या रोगाचें पहिलें वर्णन १९१० सालीं शिकागोच्या हेरिक यांनीं एका काळ्या विद्यार्थ्याच्या रक्तावरून केलें, आणि बराच काळ तो काळ्यांचा रोग समजला गेला. पण तो ग्रीसमध्यें आहे, अरबस्तानांत आहे, आणि आपल्या विदर्भांतील आदिवासी व इतर समाजांतहि आहे. जेथें पिढ्यान्पिढ्या मलेरियाचें राज्य होतें, तेथें त्यापासून थोडें रक्षण करणारा हा दोष टिकून राहिला. त्याचें नातें डासाशीं आहे.

वंश शरीरांत सांपडला नाहीं, तरी तो घरभाड्यांत, पगारांत आणि तुरुंगांत सांपडतो. विषयाची ही दुसरी बाजू प्रथम ज्यानें शास्त्रशुद्ध रीतीनें अभ्यासिली, तो डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हा हार्वर्डची डॉक्टरेट मिळविणारा पहिला काळा अमेरिकन. फिलाडेल्फियाच्या विद्यापीठानें त्याला काळ्यांच्या वस्तीची पाहणी करावयास बोलावलें, पण वर्गांत शिकवावयास दिलें नाहीं. तो त्याच वस्तींत राहिला, दारोदार फिरून त्यानें सुमारें अडीच हजार कुटुंबांची माहिती जमविली आणि १८९९ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. गरिबी व गुन्हे यांचें कारण त्याला रक्तांत दिसलें नाहीं. नोकरी कोण देतो, घर कोण भाड्यानें देतो, गुलामगिरी संपून किती वर्षें झालीं, यांत दिसलें.

विद्यापीठांनीं ही बाजू मनापासून घेण्यास आणखी सत्तर वर्षें लागलीं, आणि तीहि सुखासुखीं घेतली नाहीं. ६ नोव्हेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजांत काळ्या विद्यार्थ्यांच्या संघानें, व त्यांच्यासह आशियाई, मेक्सिकन व मूळच्या अमेरिकन विद्यार्थ्यांनीं संप पुकारला. आपला इतिहास आपल्या दृष्टीनें शिकविणारा स्वतंत्र विभाग असावा, ही त्यांची मुख्य मागणी. शेंकडों विद्यार्थी पकडले गेले. नवे प्रमुख हायाकावा हे स्वतः जपानी वंशाचे व भाषेचे पंडित. त्यांनीं संपवाल्यांच्या गाडीवर चढून ध्वनिक्षेपकाच्या तारा ओढून काढल्या. मार्च १९६९ मध्यें तडजोड झाली आणि त्या वर्षींच अमेरिकेंतील असें पहिलें विद्यालय उघडलें. अशा विभागांवर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो : प्रत्येक समाज आपापला कोपरा धरून बसेल, आणि एकाचें दुःख दुसऱ्यास शिकावयास उरणार नाहीं. कित्येक ठिकाणीं तसें झालेंहि आहे. पण ज्यांच्या कवट्या कपाटांत ठेवल्या होत्या त्यांचीं नातवंडें जेव्हां वर्गांत येऊन बसतात, तेव्हां शिकविणारास पूर्वींइतकें बेफिकीर राहतां येत नाहीं, एवढें तरी झालें.

त्याच १९६९ सालीं नॉर्वेचे फ्रेड्रिक बार्थ यांनीं सुचविलें कीं, समूहाच्या आंत काय आहे यापेक्षां त्याची शीव कोण व कशी आंखतो हें पाहावें. आंतील चालीरीति बदलतात, शीव टिकते. आजच्या विद्यार्थ्याचें काम बरेंचसें त्या शिवेवर चालतें. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत बोस्टन व शिकागो येथील नोकरीच्या जाहिरातींना जवळजवळ ५,००० अर्ज पाठविले. शिक्षण व अनुभव सारखे. कांहींवर गोऱ्यांत आढळणारें नांव, कांहींवर काळ्यांत आढळणारें. गोऱ्या नांवाला दहा अर्जांमागें एक बोलावणें आलें, काळ्या नांवाला पंधरा अर्जांमागें एक. भारतांत सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनीं अशाच रीतीनें खासगी नोकऱ्यांसाठीं अर्ज पाठविले व २००७ सालीं निष्कर्ष छापले : दलित आणि मुसलमान आडनांवांना बोलावणीं कमी येतात. आंबेडकरांनीं लग्नाच्या बंधनांत जी शीव दाखविली, ती येथें टपालांतून जातांना दिसते.

बर्लिनमधील ती डाहलेमची इमारत अजून उभी आहे. आतां तेथें फ्री विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग भरतो, आणि आंत काय चालत असे हें सांगणारा फलक १९८८ पासून भिंतीवर आहे. २०१४ सालीं जवळच बांधकामासाठीं खणतांना माणसांचीं हाडें निघालीं. पुढील खोदकामांत सुमारें १६,००० तुकडे हातीं आले. कांहीं वसाहतींतून आणलेल्या संग्रहांतील असावेत, कांहीं छावणींतून आलेले असण्याचा संभव होता. नवीं साधनें लावून अधिक तपास करतां आला असता. विद्यापीठानें ज्यू, रोमा आणि काळ्या लोकांच्या प्रतिनिधींना बोलावून त्यांचा विचार घेतला, आणि हीं हाडें पुन्हां वंशावंशांत निवडावयाचीं नाहींत असें सर्वांनीं मिळून ठरविलें. २३ मार्च २०२३ रोजीं डाहलेमच्या वनस्मशानांत तीं सारीं, कोणाचीं कोणतीं हें न विचारतां, एकत्र पुरण्यांत आलीं.